घडीचा रबरी पट्टा: आमच्या दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्या-कपाशीच्या भागात, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, आता मी बसतो. बाजाराच्या दिवशी जे लोक घडी काढून काउंटरवर ठेवतात, त्यातल्या बऱ्याच जणांची मशीन ठणठणीत असते. गेलेला असतो तो पट्टा. पट्टा सुटून घडीच हरवली असं सांगणारेही येतात, आणि त्यांच्यासाठी मला काहीच करता येत नाही. शेतात, बांधावर, ट्रॅक्टरवर घडी घालून राबणाऱ्यांना जे मी तोंडी सांगत असतो, ते इथे लिहून ठेवतो आहे.

रबरी पट्टे सगळे सारखेच असतात ना?

नाही. आपण सगळ्यांना ‘रबरी बेल्ट’ म्हणतो, पण त्यात निदान पाच वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं.

खरं रबर झाडाच्या चिकापासून होतं. कच्चा चीक उन्हात पाघळतो आणि थंडीत ताठतो. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी तो गंधकाबरोबर तापवला, तेव्हा तो दोन्ही ऋतूंत टिकायला लागला. आजही खऱ्या रबराच्या पट्ट्याला नव्या टायरसारखा मंद वास येतो, आणि ओढून सोडला की तो लगेच मूळ लांबीवर येतो. ऊन आणि तेल हे त्याचे दोन मोठे शत्रू.

सिलिकॉनचा पट्टा लोण्यासारखा मऊ लागतो आणि त्यावर धूळ, कापसाचे तंतू पटकन चिकटतात. उन्हाचं त्याला फारसं काही वाटत नाही. पण कडेला ब्लेडची किंवा काट्याची बारीक चीर पडली, की तिथूनच तो सरळ फाटत जातो.

तिसरा रेझिनचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या घराण्यातला. कॅसिओच्या काळ्या डिजिटल घड्याळांना असतो तो. एफ-९१डब्ल्यू हे मॉडेल १९८९ पासून विकलं जातंय, आणि आमच्याकडे शाळकरी पोरापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांच्या हातात ते दिसतं. हा पट्टा चिवट असतो, ताणला जात नाही, पण दमटपणाने आतून कुजतो. त्याबद्दल पुढे.

चौथा पीव्हीसीचा, आठवडी बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा. नवा असताना त्याला रेनकोटचा वास येतो. त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि मग तो कडक होतो.

पाचवा फ्लोरो रबराचा. हातात घेतला की वजनदार, रेशमासारखा गुळगुळीत. महाग असतो, पण डिझेल, ग्रीस, घाम, ऊन सगळं सोसतो.

ओळखायला काडी लावून पाहू नका. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो तो घसा आणि फुप्फुस जाळणारा असतो. जुने पट्टे चुलीत टाकायचे नाहीत, तेही याच कारणाने.

“भाऊ, घडी तं चांगली हाय, पण बेल्ट चिकट झाला. धुतला तरी चिकटच. असं काऊन होते?”

चिकटपणा दोन प्रकारचा असतो. एक मळाचा: घाम, धूळ, हाताचं तेल यांचा थर. तो साबणाने जातो. दुसरा पट्ट्याच्या जिवातलाच.

रेझिनच्या पट्ट्यात हवेतला दमटपणा हळूहळू शिरतो आणि त्या मालाच्या लांबच लांब साखळ्या तोडत जातो. उष्मा आणि दमटपणा एकत्र आले की हे काम वेगाने होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि मागोमाग चार महिने ओल. त्याला याहून वाईट हवामान शोधून सापडायचं नाही. तोडलेल्या साखळ्या म्हणजेच तो चिकटपणा. पुढच्या पायरीला पट्टा भिजलेल्या बिस्किटासारखा तुकड्यातुकड्याने सुटतो.

साधी परीक्षा सांगतो. पट्टा साबणाने धुवा, रात्रभर वाळवा, सकाळी त्यावर वर्तमानपत्राचा कपटा दाबून धरा. कपटा अलगद निघाला तर मळ होता. कागदाचे तंतू पट्ट्यावर राहिले तर तो पट्टा संपला. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरून चार दिवस काढता येतात, पण नवा आणायच्या तयारीला लागा, कारण असा पट्टा तुटताना आधी कल्पना देत नाही.

न वापरता कपाटात ठेवलेला पट्टा कसा काय खराब झाला?

याच कारणाने. दमटपणाला कपाटाचं दार अडवत नाही. उलट रोज हातात असणारा, रोज धुतला जाणारा पट्टा अनेकदा जास्त जगतो. दुकानात वर्षानुवर्षं लटकलेला, पाकीटबंद पट्टा ‘नवा’ म्हणून घेऊ नका, असं मी म्हणतो ते त्यामुळेच.

रोज काय करायचं?

संध्याकाळी हातपाय धुताना घडी काढा, पट्टा पाण्याने धुवा, आतली बाजू अंगठ्याने चोळा आणि सावलीत टांगा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आठवड्यातून एकदा पट्टा घडीपासून वेगळा करून अंघोळीच्या साध्या साबणाने आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा. छिद्रांतून ब्रशचं टोक फिरवा. काळी माती तिथे जाऊन बसते आणि वाळली की कानशीसारखी घासते. बक्कलच्या काट्याखालीही पाहा.

पट्टा न काढता धुणार असाल तर घडीच्या मागचं झाकण वाचा. ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं, म्हणजे ती विहिरीत उडी मारताना चालेल असा अर्थ नाही. शिंतोडे, हात धुणं, हलका पाऊस, इतकंच. काहीच लिहिलेलं नसेल तर नळाखाली धरूच नका, ओल्या फडक्याने पुसा.

खोबरेल तेल लावलं तर पट्टा मऊ राहतो का?

चार दिवस राहतो. मग खरं रबर ते तेल पितं, फुगतं, लिबलिबीत होतं, आणि एक दिवस बक्कलजवळ फाटतं. व्हॅसलीनचंही तेच. चामड्याला तेल लागतं म्हणून रबरालाही लागत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण रबराला ते मारक आहे. अगदी काही लावायचंच असेल तर मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं, ते बोटाने अगदी पुसट लावा. त्याने रबर फुगत नाही.

रॉकेल, पेट्रोल, थिनर?

नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन-तीन जण हमखास येतात: बैलांच्या शिंगांना लावलेला ऑइलपेंट पट्ट्याला लागला, तो थिनरने पुसला, आणि पट्ट्याची कातडीच निघाली. पेंट ओला असताना कोरड्या फडक्याने टिपा आणि साबण लावा. वाळला तर नखाने हळूहळू सोला. डाग राहिला तर राहू द्या. डाग असलेला पट्टा घडी धरून ठेवतो.

संत्र्याच्या तोडणीत पट्टा मऊ पडतो असं मजूर म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी गिऱ्हाइकांच्या हातावर पाहिली आहे. संत्र्याच्या सालीतून जे बारीक तुषार उडतात ते सालीतलं तेल. त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य असतं आणि ते खऱ्या रबराला विरघळवतं. खात्री करायची असेल तर फुगवलेल्या फुग्याजवळ संत्र्याची ताजी साल पिळून पाहा, फुगा फुटतो.

आता विचार करा. आंबिया बहाराची तोडणी चालू आहे, माणूस सकाळपासून देठ खुडतोय, साली चिरडतायत, तुषार मनगटावर बसतायत, घामाने ते पट्ट्याखाली सरकतायत. रबराचा पट्टा आठ-पंधरा दिवसांत गुळगुळीत, मऊ, मग चिरांचा होतो. सिलिकॉनही असल्या तेलाने फुगतं. रेझिन त्या मानाने टिकतं, फ्लोरो रबराला काही होत नाही. बागेत काम करणाऱ्यांना माझा सल्ला साधा: तोडणीत घडी शर्टाच्या खिशात ठेवा, किंवा दुपारच्या जेवणाआधी पट्टाही साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने तेल जात नाही.

फवारणीला घडी घातली तर चालते का?

नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर पट्ट्याच्या काळजीपेक्षा मोठं आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध फक्त नाकातोंडातून जातं असं नाही, ते कातडीतूनही अंगात जातं. आता रबरी पट्टा काय करतो ते पाहा. औषधाचं पाणी मनगटावरून ओघळतं, पट्ट्याखाली शिरतं आणि तिथेच अडकतं. वर रबर, खाली घामाने भिजलेली कातडी, हवा नाही, वाळायला जागा नाही. फवारणी संपवून तुम्ही हात धुता, पण पट्ट्याखालचं तसंच राहतं आणि रात्रीपर्यंत कातडीला लागून असतं.

दुसरं असं, की ज्या औषधांच्या बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ लिहिलेलं असतं, त्यांत औषध विरघळवायला तेलकट द्रावण वापरलेलं असतं. ते रबरात आणि सिलिकॉनमध्ये मुरतं. मुरलेलं पुन्हा हळूहळू बाहेर येतं.

म्हणून औषधाचा डबा खोलण्याआधी घडी काढा आणि घरी ठेवा. चुकून राहिली तर अंगणात, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर, हातमोजे घालून पट्टा वाहत्या पाण्याखाली साबणाने दोन-तीनदा धुवा आणि मनगटही धुवा. वाळल्यावर पट्ट्याला औषधाचा वास येत असेल किंवा तो फुगलेला दिसत असेल, तर तो टाकून द्या. पट्टा शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. चक्कर, मळमळ, अंधूक दिसणं, खूप घाम किंवा लाळ असं काही झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पट्ट्याखाली खाज सुटते, लाल चट्टा पडतो. रबराची ॲलर्जी असेल का?

असू शकते, पण बहुतेक वेळा आधी पट्टा सैल करून पाहावा. घट्ट पट्ट्याखाली घाम आणि साबणाचा फेस अडकून राहिला की कातडी सोलवटते. पट्टा आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी सहज जाईल इतकी जागा ठेवा, रात्री घडी काढा, हात बदलत राहा. आठ दिवसांत चट्टा विरतो.

विरला नाही तर जागा पाहा. चट्टा फक्त बक्कलएवढा असेल तर दोष धातूतल्या निकेलचा. पूर्ण पट्ट्याच्या आकाराचा असेल तर रबर पक्कं करताना घातलेल्या रसायनांचा असू शकतो. अशा माणसाला सिलिकॉनचा पट्टा सहसा मानवतो. आणि कडा लाल, मधे बरा दिसणारा, गोल वाढत जाणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. त्यावर मेडिकलमधून मागून आणलेलं मलम चोळू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने खाज लगेच थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

पट्ट्यावर पांढरी भुकटी येते.

वापरातल्या पट्ट्यावर आली तर घामाचं मीठ, धुवा. नव्या, खऱ्या रबराच्या पट्ट्यावर आली तर घाबरू नका. हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवायला त्यात मेण घालतात, ते पृष्ठभागावर येऊन बसतं. ते खरवडून काढू नका.

धानाच्या रोवणीत घडी घालणाऱ्यांनी काय करावं?

माझी सासुरवाडी भंडाऱ्याकडची, म्हणून हे मला माहीत आहे. रोवणीत हात दिवसभर चिखलात असतात. पट्ट्याला चिखलाचं फारसं काही होत नाही, पट्टा घडीला जोडणाऱ्या पिनेला होतं. त्या दिवसांत घडी घालायचीच असेल तर मनगटाच्या वर, कोपराकडे सरकवून घाला आणि रोज संध्याकाळी पट्ट्याची दोन्ही टोकं, जिथे तो घडीला जोडलेला आहे ती जागा, तांब्याने पाणी ओतून धुवा.

आकार बिघडला, वाकडा राहिला. सरळ होईल का?

रबर, रेझिन आणि पीव्हीसी यांना बरेचदा होतो. पट्टा घडीपासून काढा. हात बुडवता येणार नाही इतकं गरम, पण उकळी न फुटलेलं पाणी घ्या. पट्टा गोल करून स्टीलच्या गिलासात आतल्या भिंतीला लावून बसवा, वर पाणी ओता, तीन-चार मिनिटं ठेवा, मग गिलासासकट माठाच्या पाण्यात बुडवा. तो गोलाईत बसतो. सिलिकॉनवर याचा परिणाम होत नाही. आणि चिरा पडलेल्या पट्ट्यावर हा प्रयोग केला तर चिरा उघडतात.

कोणत्या मापाचा पट्टा आणायचा?

माप घड्याळाच्या तबकडीचं घ्यायचं नसतं. घडीला वर-खाली दोन-दोन शिंगं असतात, त्या दोन शिंगांमधली आतली मोकळी जागा मिलिमीटरमध्ये मोजा. पुरुषांच्या घड्याळांत १८, २०, २२ ही मापं जास्त, बायकांच्या घड्याळांत १२, १४, १६. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. शून्याची खूण एका शिंगाच्या आतल्या कडेला नीट लावा, डोळा बरोबर वर ठेवा.

वीसच्या जागेत अठराचा पट्टा घातला तर तो पिनेवर सरकतो, पिनेचा उघडा भाग वाकतो. वीसच्या जागेत बावीसचा कापून बसवला तर कापलेल्या कडेतूनच तो फाटतो. ‘थोडंसं लहान-मोठं चालते जी’ असं कुणी म्हटलं तरी घेऊ नका.

काही घड्याळांत पट्ट्याच्या टोकाला खाचा असतात, त्या घडीच्या अंगात जाऊन बसतात. तिथे साधा सरळ पट्टा बसत नाही, त्याच मॉडेलचा आणावा लागतो. जुना पट्टा तुटला तरी तुकडे फेकू नका, दुकानात घेऊन या.

नवा घेताना पारखायचा कसा?

दोन बोटांत धरून पूर्ण दुमडा आणि दुमडीवर छिद्रांच्या कडा पाहा. केसासारख्या रेषा दिसल्या तर परत ठेवा. अंगठा दाबून उचला, चिकटला तर परत ठेवा. बक्कलचा काटा हलवून पाहा, तो मधोमध बसला पाहिजे. नाकाला लावा, झणझणीत वास असेल तर नको. बाजारात उन्हात दोरीवर टांगलेले पट्टे घेण्यापेक्षा आत पेटीत ठेवलेला मागा.

घरी बदलता येतो का?

येतो. घाई नसली पाहिजे.

परात घ्या, तिच्यात दुपट्टा पसरा, घडी पालथी ठेवा. परातीचं कारण असं की स्प्रिंगची पिन सुटली तर टणकन उडते आणि मातीच्या घरात ती परत सापडत नाही. शिंगांना चिकटपट्टी लावली तर ओरखडे पडत नाहीत. पिन काढायचं अवजार नसेल तर बारीक दाभण चालतं. पट्टा आणि शिंग यांच्या फटीत दाभणाचं टोक घाला, पिनेच्या टोकाजवळ एक कंगोरा लागतो, तो घडीच्या मध्याकडे ढकला. पिन आत दबली की पट्टा वर उचला. दाभण स्वतःच्या बोटाकडे रोखून धरू नका.

बसवताना बक्कलचा आखूड भाग बाराच्या बाजूला आणि छिद्रांचा लांब भाग सहाच्या बाजूला. नवी पिन पट्ट्यात घाला, एक टोक शिंगाच्या भोकात बसवा, दुसरं दाबून आत सरकवा. ‘टक’ असा बारीक आवाज येतो. आवाज आला नाही तर बसलेली नाही. मग पट्टा दोन्ही हातांनी ओढा, पिळा, खालीवर करा. सुटायचा असेल तर परातीत सुटू द्या.

पिन खरंच बदलावी लागते? जुनी चांगली दिसते.

बदलावी लागते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

आमच्या मोठ्या मामांच्या घडीला मी नवा पट्टा घालून दिला. चांगला, जाड, खऱ्या रबराचा. पिना जुन्याच ठेवल्या, त्या चमकत होत्या. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. मामा दुपारपर्यंत वेचत होते, झोळी भरून बांधावर आले, वेळ पाहायला हात उचलला तर मनगट रिकामं. मामी आणि पोरं दोन दिवस कपाशीच्या ओळीओळीने फिरली, बोंडं हलवून पाहिली. घडी सापडली ती मार्चमध्ये, पऱ्हाटी उपटताना, ढेकळाच्या बुडाशी. काच गेलेली, मशीन गंजलेली. पट्टा मात्र तसाच्या तसा होता, बक्कल लावलेलं.

मी ती पिन भिंगाखाली ठेवली. पिन म्हणजे एक पोकळ नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना बाहेर येणाऱ्या बारीक खुंट्या. एक खुंटी झिजून कणीसारखी उरली होती. दुसऱ्या टोकाच्या नळीत घाम आणि काळी माती मिळून दगडासारखा लगदा बसला होता. स्प्रिंग दबलेलीच अडकली होती, खुंटी पूर्ण बाहेर येतच नव्हती. वरून काहीच दिसलं नसतं. मी पिन काढून फक्त एकदा बोटाने दाबून पाहिली असती तरी कळलं असतं.

तेव्हापासून आमच्या दुकानात पट्ट्यासोबत पिना नव्या जातात. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी मी घालतो आणि त्याचे पैसे मागत नाही. तुम्ही दुसरीकडे बदलून घेत असाल तर नव्या पिना मागून घ्या. गंज न धरणाऱ्या स्टीलच्या मागा. शिंगाची भोकं रुंद असतील तर जाड पिन मिळते, दीड मिमीऐवजी एक पॉइंट आठची. जाड पट्टा आणि जाड काम असेल तर तीच घाला.

पट्ट्याचं टोक धरून ठेवणारी कडी तुटली, म्हणून पूर्ण पट्टा बदलायचा?

गरज नाही. सुटी कडी मिळते. मिळेपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची कड्यासारखी चकती कापून घाला. ट्यूबचं रबर उन्हापावसात चांगलं टिकतं. कित्येक म्हाताऱ्यांच्या घड्याळांवर मी अशी चकती वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि ती बदलायला सांगत नाही.

पट्टाच तुटला असेल तर मात्र क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका. जोड काचेसारखा कडक होतो, कडा मनगटाला कापते, आणि सिलिकॉनला तर तो धरतच नाही.

काही पट्ट्यांवर लहरी असतात, काहींवर आकडे छापलेले. ते कशासाठी?

दोन्ही गोष्टी समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी आल्या. खोल गेलं की पाण्याच्या दाबाने पाणबुड्याचा पोशाख आक्रसतो आणि पट्टा सैल पडतो. सेइकोने १९७५ मध्ये ६०० मीटरच्या घड्याळाला भात्यासारखा लहरींचा पट्टा दिला, तो ताणून लावायचा आणि तो आपोआप आवळत जायचा. आकडे म्हणजे किती खोलीवर किती मिनिटं राहता येतं त्याची यादी. आपल्या विहिरीत त्याचं काम नाही, पण लहरींमुळे मनगटाला हवा लागते, म्हणून शेतकामाला मी लहरींचाच पट्टा सुचवतो.

स्मार्टवॉचचा पट्टा?

बहुतेकांना २० किंवा २२ मिमीचा साधा सिलिकॉनचा पट्टा बसतो, पिनेला खालून छोटी खुंटी असते, ती नखाने ओढली की निघतो. चार्जिंगला लावण्याआधी घडीची पाठ आणि पट्टा कोरडा करा.

महागडा फ्लोरो रबराचा पट्टा घ्यावा का?

ट्रॅक्टर, थ्रेशर, गॅरेजचं काम असेल तर तो टिकतो, यात शंका नाही. पण एक गोष्ट माहीत असू द्या. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पट्टे तपासले. काही पट्ट्यांत, विशेषतः फ्लोरो रबराच्या महाग पट्ट्यांत, पीएफएचएक्सए नावाचं रसायन बरंच आढळलं. ते निसर्गात लवकर न मोडणाऱ्या रसायनांच्या घराण्यातलं आहे. कामापुरता घाला, झोपताना काढा. लहान मुलांना सिलिकॉनचाच घ्या.

लग्नात मिळालेली एचएमटी आहे. तिला रबरी पट्टा घातला तर चालेल?

चालेल, आणि घालाच. आपल्याकडे सासऱ्याने जावयाला दिलेल्या त्या घड्या अजून घराघरांत आहेत. एचएमटीने बेंगळुरूला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. हरवली तर ती आठवणीची घडी परत मिळायची नाही. चामड्याचा पट्टा आपल्या घामात एक-दोन उन्हाळ्यांत कुजतो, म्हणून रबर बरं.

फक्त जड, जाड पट्टा नको. त्या घडीचं अंग हलकं, शिंगं बारीक. पातळ, मऊ पट्टा मोजून आणा आणि पिना नव्या घाला. घडी ठेवून द्यायची असेल तर पट्टा काढून वेगळ्या कागदात ठेवा. तिची काच प्लास्टिकची असते, पीव्हीसीच्या पट्ट्यातून झिरपणारं तेल त्या काचेला लागून राहिलं तर तिथे धुरकट डाग पडतो. घडीला रबरबँड गुंडाळून ठेवतात, तेही करू नका. रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो.

मागच्या महिन्यात एक आजी अशीच घडी रुमालात बांधून घेऊन आल्या. आजोबांची होती, सात-आठ वर्षं पेटीत. जुना पट्टा काचेला चिकटून बसला होता, तो सोडवताना निम्मा माझ्या हातात आला. काच घासून उजळली, पट्टा अठराचा पातळ काळा लावला, चावी दिली. आजींनी ती नातवाच्या हातात बांधायला सांगितली. त्याचं मनगट बारीक होतं, म्हणून शेवटच्या छिद्राच्या पुढे मी आणखी एक छिद्र पाडून दिलं. ते तापवलेल्या सुईने न पाडता गोल पोगराने, म्हणजे छिद्र पाडायच्या अवजाराने पाडावं, म्हणजे कडेला चीर जात नाही.